टाकाऊ मालाला दार उघडा, पण झडती घेऊन: काँक्रीटची कलमं लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मानक समित्यांचे सदस्य, सल्लागार अभियंते आणि निविदांमधली काँक्रीटची कलमं लिहिणारे सर्व

सप्रेम नमस्कार.

तुमच्या हातून उतरलेलं कलम शेवटी आमच्या टेबलावर येतं. मी मिश्रणाचं प्रमाण बसवते, ओल्या काँक्रीटचा सैलपणा म्हणजे स्लम्प पाहते, घट्ट झालेले नमुन्याचे ठोकळे म्हणजे क्यूब फोडून ताकद मोजते. ‘किमान सिमेंट इतके किलो, फ्लाय ॲश, स्लॅग वा तत्सम पदार्थ चालणार नाहीत’ अशी ओळ निविदेत दिसली की पुढे डोकं चालवायला फारशी जागाच उरत नाही. (फ्लाय ॲश म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्रांची बारीक राख, स्लॅग म्हणजे धातूच्या भट्टीचा मळ.) ही ओळ कशासाठी, असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘मागच्या निविदेत होती.’ मागच्या निविदेत ती त्याच्या मागच्या निविदेतून आलेली असते.

अलीकडे याच्या बरोबर उलटा प्रकारही दिसू लागला आहे. वर ‘हरित’, ‘शाश्वत’, ‘चक्रीय’ असा शिक्का असला की खाणीतून निघालेला गाळ थेट सिमेंटच्या जागी घालण्याचे प्रस्ताव येतात. सोबत जोडलेला अहवाल उघडावा, तर त्यात २८ दिवसांच्या क्यूबचे आकडे. बाकी काही नाही.

म्हणजे ज्यांची कित्येक दशकं परीक्षा झाली आहे त्या पदार्थांना आपण दाराबाहेर ताटकळत ठेवतो आणि ज्यांची धड ओळखही पटलेली नाही त्यांना कौतुकाने आत घेतो. सब घोडे बारा टक्के. माझं भांडण या सरसकटपणाशी आहे.

हा सगळा खटाटोप मुळात का, हे तुम्हाला सांगायला नको. तरी एक हिशेब मांडते, कारण बैठकांमध्ये तो हमखास निसटतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टीला कोळशाऐवजी कितीही स्वच्छ इंधन लावा, हे ४४ किलो कमी होत नाहीत, कारण ते दगडातूनच निघतात. जगात दरवर्षी सुमारे ४ अब्ज टन सिमेंट बनतं आणि माणसाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात त्याचा वाटा ७ ते ८ टक्के धरतात. भट्ट्या सुधारायला हव्यातच, पण त्याहून मोठी बचत क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून निघालेला आणि दळला की सिमेंट होणारा माल, कमी वापरण्यात आहे. कारखान्यांची राख, धातूच्या भट्ट्यांचा मळ आणि खाणींचा गाळ यांचा विचार करायचा तो यासाठी.

आधी स्लॅग. लोखंडाच्या झोतभट्टीत धातूवर तरंगणारा वितळलेला मळ साधारण १५०० अंश सेल्सियसला बाहेर पडतो. तो सावकाश निवू दिला तर त्यात स्फटिक बनतात आणि त्याचा जवळपास निष्क्रिय दगड होतो. रस्त्याखाली खडी म्हणून घालायला ठीक. त्याच मळावर पाण्याचा जोरदार मारा करून तो क्षणात गार केला तर स्फटिक बनायला सवडच मिळत नाही आणि वाळूएवढे काचेचे कण तयार होतात. रसायन तेच, वागणं मात्र पार वेगळं. ही काच दळून तिला चुन्याची जोड दिली की ती सिमेंटसारखी घट्ट होते, हे जर्मनीत एमिल लांगेन यांच्या १८६२ मध्येच ध्यानात आलं होतं. युरोपच्या ईएन १९७-१ या मानकात तर ८१ ते ९५ टक्के स्लॅग असलेल्या सिमेंटचा स्वतंत्र वर्ग आहे. नेदरलँड्समध्ये झोतभट्टीच्या सिमेंटची बांधकामं कित्येक दशकं खाऱ्या पाण्यात उभी आहेत, कारण असं काँक्रीट क्लोराइडला सहजासहजी आत शिरू देत नाही. आणि आपल्या निविदांमध्ये अजून ‘स्लॅग चालणार नाही’ ही ओळ ठाण मांडून बसली आहे.

स्लॅग भरपूर असलेलं कोवळं काँक्रीट फोडलं तर आतून निळसर हिरवं निघतं. मोरपिसाचा रंग आणि कडेला राखाडी पट्टी. मशीनमध्ये क्यूब फुटला आणि हा रंग दिसला की साइटवरचा नवखा इंजिनिअर हादरतो. कुणी म्हणतं माल भेसळीचा आहे, कुणी म्हणतं वरून काही सांडलं. रंग येतो तो स्लॅगमधल्या सल्फाइडमुळे आणि उघड्या पृष्ठभागाला हवा लागली की काही दिवसांत तो विरून जातो. उलट गाभ्यात तो टिकून असेल, तर हवा अजून तिथवर पोचलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. मानकाच्या तळटिपेत एवढं एक वाक्य असतं तर कितीतरी भांडणं टळली असती.

फ्लाय ॲशचं प्रकरण जरा नाजूक आहे. राखेत न जळलेला कोळसा उरतो आणि तो किती, हे राख तापवून वजनातली घट मोजून ठरवतात. अमेरिकेच्या एएसटीएम सी ६१८ मध्ये एफ आणि सी या दोन्ही वर्गांना ६ टक्क्यांची मर्यादा आहे. युरोपच्या ईएन ४५० मध्ये ५, ७ आणि ९ टक्क्यांच्या तीन श्रेणी आहेत. मर्यादा हवीच, पण काँक्रीटला जाच होतो तो या कोळशाच्या वजनापेक्षा त्याच्या पृष्ठभागाचा. कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून काँक्रीट फुटू नये म्हणून आपण त्यात हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवणारं रसायन घालतो. कोळशाचे सच्छिद्र कण नेमकं तेच शोषून घेतात.

हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. एका बरणीत थोडं सिमेंट, राख आणि पाणी घ्यायचं. हवेचं रसायन पातळ करून त्याचे थेंब एकेक करत टाकायचे, दर खेपेला झाकण लावून बरणी खळखळून हलवायची आणि टेबलावर ठेवून बघत राहायचं. सुरुवातीला फेस येतो आणि डोळ्यांदेखत फुटून जातो. वर नुसतं काळपट, सपाट पाणी. मग एका थेंबाला फेस मोडत नाही, बुडबुडे काचेच्या कडेला धरून राहतात. तो थेंब कितवा, यावर त्या राखेची खरी ओळख ठरते. तापवल्यावरची घट सारखी असलेल्या दोन राखा या बरणीत अगदी वेगळ्या वागू शकतात. पारा पकडायला धुरात सक्रिय कार्बनची पूड सोडणाऱ्या वीजकेंद्रांची राख तर घटीच्या परीक्षेत पास होऊन इथे नापास होऊ शकते. तरीही बहुतेक निविदांमध्ये घटीचा आकडा असतो आणि फेसाचं नावसुद्धा नसतं.

आता माझी मुख्य तक्रार. ते २८ दिवस.

सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होताना चुना मोकळा होतो आणि राखेतली काच त्या चुन्याला हळूहळू बांधून घेते. हे काम आठवड्यांचं नाही, महिन्यांचं आहे. २८ व्या दिवशी मागे असलेलं राखेचं मिश्रण ९० व्या दिवशी नुसत्या सिमेंटच्या पुढे गेलेलं असू शकतं. धरण, जाड राफ्ट (इमारतीखालचा सलग पाया), पुलाचा पाया यांच्यावर पूर्ण भार येतो तो कित्येक महिन्यांनी. परीक्षा मात्र २८ व्या दिवशी. मग तो आकडा गाठायला आम्ही काय करतो? सिमेंट वाढवतो. सिमेंट वाढलं की राफ्टच्या पोटातली उष्णता वाढते, आतल्या-बाहेरच्या तापमानातली तफावत वाढते आणि भेगांची भीती उभी राहते. मग त्यावर उपाय म्हणून मिश्रणात बर्फ घाला, पोटातून गार पाण्याचे पाइप फिरवा. सगळा द्राविडी प्राणायाम! अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या हंग्री हॉर्स धरणात फ्लाय ॲश घातली होती आणि ते १९५३ मध्ये पूर्ण झालं. प्रचंड आकाराच्या काँक्रीटमध्ये राखेचा उपयोग काय, हे तेव्हापासून माहीत आहे.

बरं, नियम आड येतो म्हणावं तर तेही नाही. अमेरिकेच्या एसीआय ३१८ या काँक्रीटच्या संहितेत २८ दिवस धरायचे ते वेगळं वय नमूद केलं नसेल तर. कडी आतून लावलेली आहे आणि ती काढायला कुणी उठत नाही, एवढंच.

याचा अर्थ जिथे तिथे ९० दिवस लिहा असा नाही. आठवड्याभरात सेंट्रिंग सोडवायचं असेल तर तिथे ३ किंवा ७ दिवसांची ताकद मागायलाच हवी, ती अंतिम ताकदीपासून वेगळी लिहून. शिवाय जास्त राखेचं काँक्रीट क्युरिंगमधली हयगय खपवून घेत नाही. दोन दिवसांत पाणी मारणं थांबलं की वरचा थर भुसभुशीत राहतो. त्यात चुना मुळातच कमी, म्हणून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा शिरकाव, म्हणजे कार्बोनेशन, सळईपर्यंत लवकर होतो. तेव्हा राखेला परवानगी देणाऱ्या कलमातच क्युरिंगचे दिवस आणि सळईवरचं कव्हर लिहा. नाही तर दहा-पंधरा वर्षांनी सळई गंजेल आणि खापर राखेच्या माथी फुटेल.

हरित गुणांकनवाल्या मंडळींना न रुचणारी गोष्टही सांगून टाकते. झोतभट्टीचा दाणेदार स्लॅग जगात जवळपास सगळाच्या सगळा वापरला जातो. एखाद्या इमारतीत ७० टक्के स्लॅग घातला तर तिचं कार्बनचं खातं देखणं दिसतं, पण तो स्लॅग दुसऱ्या कुठल्या तरी सिमेंटमधून ओढून आणलेला असतो. वातावरणाच्या हिशेबात शिल्लक तेवढीच. स्लॅगच्या नुसत्या टक्केवारीला गुण देणं बंद करा. तो समुद्रकाठी, सल्फेट असलेल्या जमिनीत आणि जाड भागांत जाऊ द्या. तिथे त्याला पर्याय कमी आहेत.

राखेचं दुखणं निराळं. कोळशावरची वीजकेंद्रं जिथे बंद होत आहेत तिथे ताजी राख मिळेनाशी झाली आहे आणि राख साठवायची जुनी तळी मात्र काठोकाठ भरलेली आहेत. अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टनला २२ डिसेंबर २००८ रोजी अशाच एका तळ्याचा बांध फुटला आणि सुमारे ४० लाख घनमीटर राखेचा चिखल नदीत आणि घरांवर गेला. तळ्यातली राख उकरून, वाळवून, चाळून आणि लागलीच तर दळून वापरता येते. सी ६१८ च्या नव्या आवृत्तीने तिला जागा करून दिली आहे. बाकीच्या समित्यांचं घोंगडं मात्र अजून भिजत पडलं आहे.

सिलिका फ्यूमचा इतिहास तर तुमच्यातल्या जुन्या सदस्यांना ठाऊकच असेल. सिलिकॉन आणि फेरोसिलिकॉनच्या भट्ट्यांचा हा धूर एके काळी धुराड्यातून आकाशात जायचा. नॉर्वेत प्रदूषणाचे नियम कडक झाले, गाळण्या बसल्या, पोत्यात भरलेल्या धुराचं करायचं काय असा प्रश्न पडला, आणि आज तोच धूर सिमेंटहून कितीतरी महाग विकला जातो. आधी नियम आला, मग मानक, आणि बाजार त्यांच्या मागून.

यानंतर खाणीचा गाळ, आणि इथे माझा सूर बदलतो.

धातुक दळून त्यातला धातू काढून घेतल्यावर जो बारीक चिखल उरतो, ते टेलिंग्ज. जगात दरवर्षी त्याचे अब्जावधी टन निघतात आणि बहुतेक बंधाऱ्यांमागे साठतात. ब्राझीलमध्ये मारियानाजवळ ५ नोव्हेंबर २०१५ रोजी असा बंधारा फुटून १९ जण गेले. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्योमध्ये २७० जणांचा बळी गेला. हे ऐकल्यावर ‘तो गाळ काँक्रीटमध्ये जिरवा’ असं कुणालाही वाटेल. वाटणं चुकीचं नाही. पण काँक्रीट म्हणजे कचरा पुरायची जागा नव्हे. त्याच्यावर माणसं राहणार असतात.

पहिली गोष्ट, गाळ राखेइतका बारीक आहे म्हणून तो राखेसारखा वागत नाही. राख भट्टीत वितळून काच झालेली असते. गाळात बहुतेक क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे स्फटिक असतात आणि ते चुन्याशी प्रक्रिया करत नाहीत. सिमेंटच्या जागी थोडा गाळ घालूनही ताकद टिकली, असे अहवाल येतात तेव्हा बारीक कणांनी मोकळ्या जागा भरल्याचा तो परिणाम असतो. खरी प्रक्रिया होते की नाही हे ओळखायची सोय आता आहे. एएसटीएम सी १८९७ मधल्या आर-३ चाचणीत पदार्थ चुन्यासोबत ४० अंशांना ७ दिवस ठेवतात आणि निघालेली उष्णता किंवा बांधलं गेलेलं पाणी मोजतात. आठवड्यात सोनं की पितळ ते कळतं. नव्या पदार्थाला सिमेंटच्या जागी परवानगी मागणाऱ्याने आधी हा आकडा टेबलावर ठेवावा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाणींचा टाकाऊ दगड घरांच्या काँक्रीटमध्ये आणि ब्लॉकमध्ये खडी म्हणून वापरला गेला. दगड जवळ होता, फुकट होता आणि ढीग हलवायचेच होते. त्यात पायराइट होतं. हवा आणि ओल लागली की लोहाचं हे सल्फाइड गंजतं, त्यातून गंधकाम्ल निघतं, ते सिमेंटचा लगदा खातं आणि नव्या सल्फेट क्षारांना जागा जास्त लागते म्हणून काँक्रीट आतून फुगतं. फुगलं की चिरतं, चिरलं की हवा आणखी आत जाते. ही घरं तारण म्हणून घ्यायला कर्ज देणाऱ्या संस्था नाही म्हणू लागल्या. त्या भागात जुनं घर विकताना आजही भिंतीतून काँक्रीटची कोअर काढून तपासून घेतात. क्यूब त्या काळी फोडले असते तर बहुधा सगळे पास झाले असते.

पायराइटचा भाऊबंद पिरोटाइट त्याहून खोडसाळ. म्हणून ईएन १२६२० मध्ये साधारण खडीला एकूण गंधकाची मर्यादा १ टक्का आहे, आणि पिरोटाइट असेल तर थेट ०.१ टक्का. दहापट कडक. हा आकडा ज्या मानकात नाही तिथे खाणीच्या गाळाला परवानगी देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नमुना कुठून घ्यायचा तेही लिहा. बंधाऱ्यामागचा गाळ थराथरांनी साचलेला असतो. जसजशी खाण खोल गेली, धातुक बदललं, तसतसा थर बदलला. वरून फावडंभर उचलून प्रयोगशाळेत पाठवलेला नमुना फक्त शेवटच्या थराची माहिती देतो.

माझ्या मते गाळाला सिमेंटची जागा न देता वाळूची द्यावी, तीही गंधकाची झडती घेऊन. आणि पुष्कळसा गाळ थोडं सिमेंट मिसळून लगद्याच्या रूपात खाणीच्याच पोकळ्यांत परत भरणं हाच शहाणपणा. ही पद्धत अनेक भूमिगत खाणींमध्ये रुळलेली आहे आणि त्यात कुणाच्या घराची भिंत पणाला लागत नाही.

पोलादाच्या भट्टीचा स्लॅग हा झोतभट्टीच्या स्लॅगहून वेगळा, हे मी नव्याने सांगायला नको. त्यातला मोकळा चुना आणि मॅग्नेशिया मागाहून पाणी पिऊन फुगतो आणि खडी काँक्रीटमधून कवडी उडाल्यासारखी निसटते. निविदेत नुसतं ‘स्लॅग’ लिहू नका; कोणत्या भट्टीचा, कसा गार केलेला, ते लिहा.

ॲल्युमिनाच्या कारखान्यातला लाल चिखल काँक्रीटमध्ये घालायचेही बेत असतात. हंगेरीत आयका इथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी तो फुटून वाहिला आणि १० जण दगावले. तो किती दाहक असतो हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. त्यातला सोडा खडीतल्या सिलिकेला चेतवू शकतो आणि काँक्रीट फुगून चिरू शकतं. क्लिंकरच्या भट्टीत लोहाचा स्रोत म्हणून तो थोड्या प्रमाणात घालणं ही त्यातल्या त्यात सरळ वाट. शिवाय बॉक्साइटमधला थोरियम आणि युरेनियम या चिखलात गोळा होतो, म्हणून घरांच्या भिंतींसाठी किरणोत्साराची मोजणी टाळता येणार नाही. स्वीडनमध्ये युरेनियम असलेल्या ॲलम शेलपासून हलकं निळं काँक्रीट १९७५ पर्यंत बनत होतं. त्या घरांतला रेडॉन हा किरणोत्सारी वायू आजही मोजावा लागतो.

जड धातूंची झिरप-चाचणी अखंड ठोकळ्यावर करून ‘सुरक्षित’ म्हणणारे अहवाल तुमच्याकडे येत असतील. ती चाचणी चुरा केलेल्या काँक्रीटवरही मागा. इमारत कधीतरी पाडली जाणारच आहे आणि तिचा राडारोडा पावसात पडून राहणार आहे.

खाणीकडून मला सर्वांत जास्त आशा वाटते ती गाळाबाबत नाही, वरच्या मातीबाबत. दगड किंवा धातुक मिळेपर्यंत जी माती उकरून बाजूला टाकतात तिच्यात कित्येक ठिकाणी केओलिनाइट हे चिनी मातीतलं खनिज भरपूर असतं. अशी माती ७०० ते ८५० अंशांना भाजली, म्हणजे क्लिंकरच्या १४५० अंशांच्या मानाने मंद आचेवर, की ती चुन्याशी झटून प्रक्रिया करते. स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठाने क्युबा आणि भारतातल्या संशोधकांबरोबर विकसित केलेलं एलसी-३ सिमेंट यावरच उभं आहे. त्यात क्लिंकर साधारण ५० टक्के, भाजलेली माती ३०, न भाजलेली चुनखडी १५ आणि बाकी जिप्सम. ४० टक्के केओलिनाइट असलेली, चिनी मातीच्या धंद्याने नाकारलेली मातीही चालते, आणि कार्बन डायऑक्साइड ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो. राख आणि स्लॅग आटत चालले असताना निविदांमध्ये आधी जागा द्यायची तर या सिमेंटला द्या.

तेव्हा माझं मागणं असं आहे. किमान सिमेंटचा आकडा काढून त्या जागी क्लोराइडचा शिरकाव, कार्बोनेशन आणि ताकद यांच्या मर्यादा घाला आणि ताकदीचं वय कामागणिक ठरवा. सवयीच्या पदार्थांवरची सरसकट बंदी उठवा. नवख्या पदार्थांना आर-३, गंधक, किरणोत्सार आणि चुऱ्यावरची झिरप या चार चाचण्यांवाचून आत घेऊ नका. आणि एखादा पदार्थ नाकारायचाच असेल तर खुशाल नाकारा, फक्त त्या ओळीशेजारी कारण छापा. कारण सापडलं नाही, तर पुढच्या आवृत्तीतून ती ओळ काढून टाका.

आपली,
काँक्रीट प्रयोगशाळेतील एक मिश्रण-अभियंता